कांबळे सर आणि आईचा होकार

कांबळे सरांना 'समजलं' असं सांगायची सोय नव्हती. तुम्ही म्हणायचं, "समजलं सर," की ते चष्म्याच्या वरून बघत म्हणणार, "नक्की? मग आता उलटं विचारू?" झालं! मोठीमोठी माणसं गार पडायची. पोरं तर वार्षिक परीक्षेला भीत नसत तेवढी सरांच्या या उलट्या प्रश्नाला भ्यायची.

बेळगावच्या कॅम्पात आमची मराठी शाळा. मी पाटील बाई, हिंडलग्याची. विज्ञान शिकवते आणि तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. कांबळे सर आमच्याकडे कानडी शिकवायचे. मराठी शाळेत कानडी शिकवणारा मराठी माणूस म्हणजे आमच्या सीमाभागात ना इकडचा, ना तिकडचा. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना 'कानडी सर' म्हणायचो आणि शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले की तिथली मंडळी 'बर्री, मराठी मेष्ट्रु', म्हणजे या मराठी मास्तर, म्हणून खुर्ची द्यायची. सरांना दोन्हीचा अभिमान. बसमध्ये कंडक्टर मराठी बोलला की हे कानडीतून तिकीट मागणार, आणि कानडी बोलला की मराठीतून. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्हाला सकाळी सकाळी भांडण काढायची हौस आहे का हो?"

"छे हो बाई," ते म्हणाले, "भांडताना माणूस आपली खरी भाषा बोलतो. ती ऐकायला लई बरी वाटती."

विसरभोळे तर इतके की हेल्मेट घालूनच पहिला तास घेऊन यायचे. पोरं काही बोलायची नाहीत, कारण बोललं की उलटा प्रश्न येणार. मधुमेह असल्यामुळे कुंदा, आमच्या बेळगावची ती खव्याची मिठाई, बंद होता. स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस असला की डबा नाकाजवळ नेऊन नुसता वास घ्यायचे, डोळे मिटून, आणि मग "छान झालाय" असा अभिप्राय देऊन पुढे सरकवायचे. आता त्यांनी नाक लावलेला डबा पुढे कोण खाणार? आम्हीच.

वर्गात त्यांची पद्धत ठरलेली. कवितेचा अर्थ सांगून झाला की विचारायचे, कळलं का? अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हौदु सार!" म्हणजे हो सर. मग सर रुमाल काढून खडूची बोटं एकेक करून पुसायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्याने कानडीत विचारायचे, "हत्ती झाडावर चढून अंडी घालतो, बरोबर?" वर्ग पुन्हा त्याच सुरात, "हौदु सार!"

की कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

"होकार लई स्वस्त असतो, बाई," मला म्हणायचे. "तोंडातनं आपसूक पडतो. नाही म्हणायला मात्र ऐकावं लागतं."

हेच त्यांनी एकदा मुख्याध्यापिकांवर केलं. बाई परिपत्रक वाचत होत्या, आम्ही माना डोलवत होतो. सर उभे राहून नम्रपणे म्हणाले, "म्हणजे स्वातंत्र्यदिनाला शाळेला सुट्टी आणि झेंडावंदन आपापल्या घरी, असंच ना?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "हो हो, अगदी तसंच." पुढचे कितीतरी दिवस त्या सरांशी फक्त शिपायामार्फत बोलत होत्या.

तर असा हा कुणाच्या होकारावर विश्वास न ठेवणारा माणूस. आणि त्यानं आयुष्यात एकाच माणसाच्या होकारावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तो आईच्या.

आई शेवंताबाई निपाणीला राहायच्या. नवरा लवकर गेला. तंबाखूच्या वखारीत चाळण मारून मारून छाती आणि डोळे दोन्ही अधू झाले, पण दोन पोरं शिकवली आणि दोन खोल्यांचं घर स्वतःच्या नावावर बांधलं. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली त्यांची लोखंडी खाट. मी एकदा सरांबरोबर गेले होते. म्हातारपणी त्या धाकट्या पोराकडून, म्हणजे आमच्या सरांकडून, सही करायला शिकल्या होत्या आणि शिकल्यावर जी काही सही करायच्या! गॅसवाल्याच्या पावतीवरसुद्धा पूर्ण नाव, शेवंताबाई रामा कांबळे, काना मात्रा वेलांटीसकट. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा. मी म्हटलं, "मावशी, आधी त्याला खाली ठेवू द्या की."

"थांब गं," त्या म्हणाल्या. "आजवर लई अंगठं दिलं. आता कुणी अंगठा माग म्हणावं माझा!"

त्याच शेवंताबाईंना पुढे झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. महिन्याभरानं एका सोमवारी सर कुंद्याचा भला मोठा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आले, हेल्मेट डोक्यावरच. "आई बोलली!" म्हणाले. "मी इचारलं, आई, बरं वाटतंय? तर म्हणली, व्हय!" त्या दिवशी त्यांनी वास घेतला नाही, सरळ खाल्ला. आम्हीही खाल्ला, आणि दोघीतिघींनी डोळे पुसले.

मग दर सोमवारी बातमी. आईला विचारलं मेथीची भाजी आवडली का, व्हय म्हणाली. विचारलं तुला आठवडाभर आमची आठवण येते का, व्हय म्हणाली. जो माणूस चाळीस पोरांच्या ओरडण्याला भुलत नव्हता, तो या एका शब्दावर आठवडा काढायचा. आम्ही चिडवायचो, "सर, आईला उलटं विचारलंत का?" ते हसून म्हणायचे, "आईला कोण उलटं विचारतं का?"

आता सरांच्या थोरल्या भावाबद्दल. त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. बसमध्ये कंडक्टर होते, निवृत्त झाले. अण्णा आणि वहिनी निपाणीला आईजवळच राहायचे. उचलणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं त्या दोघांनी केलं. आमचे सर रविवारी जायचे, आईचा हात धरून गप्पा मारायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. "तुम्ही रविवारचे चिरंजीव," असं मी त्यांना तोंडावर म्हटलंय. त्यावर त्यांनी मान खाली घातली होती. अण्णांनी बेळगावला पिरनवाडीत नवं घर बांधलं होतं. निपाणीचं घर विकून आईला तिकडे न्यायचं, दवाखाना जवळ, नातवंडं जवळ, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यात लबाडी नव्हती.

एका रविवारी सर गेले तर पुढच्या खोलीत कुणी परका माणूस टेप लावून भिंत मोजतोय आणि आई खाटेवरून बघतेय. घर घेणारं गिऱ्हाईक! सरांनी विचारलं, "अण्णा, ह्ये काय?"

अण्णांनी कपाटातून कागद काढला. आईनं त्यांच्या नावे केलेलं मुखत्यारपत्र. आईच्या वतीनं घर विकण्यापासून सगळं करायचा अधिकार. कागद कानडीत. सरांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि शेवटाला येऊन थांबले. "अंगठा?"

"मग? तिचा हात चालतोय व्हय? पायानं सही करंल?"

"तिला इचारलंस?"

"इचारलं की! घरी नोटरी आलता, त्यानं बी इचारलं. अण्णाला अधिकार देतीस का? व्हय म्हणली. घर इकू का? व्हय म्हणली. त्याच्यासमोर म्हणली!"

सर खाटेपाशी गेले. "आई, ह्ये घर ठिवायचं न्हवं?"

"व्हय," आई म्हणाल्या.

अण्णा पुढे झाले. "आई, तू माझ्यासंगं पिरनवाडीला येणार न्हवं?"

"व्हय."

आतून वहिनी पीठ मळता मळता बाहेर आल्या. "आत्ती, आता मी इचारते. ह्या दोघांची बी डोकी फिरल्यात न्हवं?"

"व्हय," आई म्हणाल्या.

सोमवारी सरांनी हे आम्हाला सांगितलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

मग त्यांनी वकील गाठली. तरुण बाई, पण डोकं थंड. तिनं सगळं ऐकून सांगितलं, ते सरांनी मला शब्द न शब्द सांगितलं. मुखत्यार हा देणाऱ्याच्या मर्जीवर उभा असतो. देणाऱ्याला कळतच नसेल तर त्यानं दिलेला कागदही उभा राहत नाही. मग कोर्ट पालक नेमतं. "पण सर," ती म्हणाली, "नीट विचार करा. आईंना कळत होतं असं ठरलं, तर कागद खरा आणि घर जाणार. कळत नव्हतं असं ठरलं, तर कागद रद्द. मग त्या तुम्हाला घर ठेव म्हणाल्या, तेही धरता येणार नाही. त्या तुम्हाला जे जे व्हय म्हणाल्या, त्यातलं काहीच धरता येणार नाही."

त्या दिवशी सर मधल्या सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसले. "बाई, केस जिंकायची म्हणजे आई माझ्याशी बोलत न्हाय, हे मलाच सिद्ध करायचं. कळलं का तुम्हाला?"

मला कळलं होतं. मी म्हटलं, "मग नका करू केस. अण्णा काय तिला रस्त्यावर टाकणार आहेत?"

"न्हाय टाकणार. पण ज्यानं इचारलं त्याचं व्हय, असं झालंय आता. आज अण्णानं इचारलं, उद्या दुसरं कोण इचारंल. तिनं जन्मभर वखारीत मरून बांधलेलं घर, ती आत पडलेली असताना इकलं जायचं. आणि त्यावर तिचा अंगठा." ते एवढंच म्हणाले आणि परीक्षानळ्या मोजल्यासारखं करत बसले. मला त्यांचा राग आला, दयाही आली, आणि दोन्ही दाखवायची चोरी.

केस उभी राहिली, भाऊ समोरासमोर. आता तुम्हाला वाटेल दावा लागला म्हणजे बोलणं बंद, पाणी बंद. कुठलं! तारखेच्या दिवशी सर बेळगावहून बसनं निपाणीला उतरायचे, घरी जाऊन वहिनींच्या हातची भाकरी आणि खरडा खायचे, आईजवळ बसायचे, आणि मग वादी-प्रतिवादी एकाच स्कूटरवरून कोर्टात. अण्णा चालवणार, सर मागे, हेल्मेट घालून. वऱ्हांड्यात गर्दी असली की अण्णांची जुनी सवय उसळायची, "चला, चला, म्होरं सरका, मधी जागा हाय!" दोघांचे वकील कपाळाला हात लावायचे. अण्णांचा वकील म्हणाला, "निदान कोर्टाच्या दारात तरी वेगळे उतरा हो."

"आणि रिक्षाचं तुमी देनार?" अण्णा म्हणाले.

त्याच वकिलानं सरांना पिंजऱ्यात उभं करून खरी उलट तपासणी घेतली. जन्मभर दुसऱ्यांची घेतली, आता स्वतःची! वकिलानं विचारलं, "आईला रोज कोण उचलतं?" सर म्हणाले, "अण्णा." "धुतं कोण?" "वहिनी." "तुम्ही काय करता?" सर म्हणाले, "मी गप्पा मारतो." कोर्टात हसू झालं. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून ते अण्णांना म्हणाले, "तुझा वकील चांगला हाय रं. बरोबर धरलं मला."

शेवटी न्यायाधीश बाईंनी ठरवलं की म्हातारीला स्वतः बघायचं. सरांनी मला निपाणीला बोलावलं. "साक्षीसाठी का?" तर म्हणाले, "न्हाय. तुमच्यासमोर मला रडता येत न्हाय, म्हणून या." म्हटलं, येते.

वहिनींनी आत्तींना नवं इरकल नेसवलं होतं, केस विंचरून अंबाडा घातला होता. न्यायाधीश बाई तरुण, धारवाडकडच्या. खाटेजवळ खुर्ची ओढून त्यांनी आधी म्हातारीचा हात हातात घेतला. मग आपले प्रश्न कानडीतून सांगितले, आणि वकीलबाईंनी ते मराठीत विचारले. घर विकायचंय का? व्हय. घर विकायचं नाही का? व्हय. न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहिलं आणि सरांना विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय?

सर उभे राहिले. रुमाल काढला. बोटांना खडू नव्हता, तरी एकेक बोट पुसलं. मला पुढचं कळलं आणि मी भिंतीकडे बघायला लागले.

"आई," सर म्हणाले, "हत्ती झाडावर चढून अंडी घालतो न्हवं?"

"व्हय."

कोर्टाच्या कारकुनाला हसू आवरलं नाही.

"आई, मी ह्या गावचा मामलेदार हाय, खरं न्हवं?"

"व्हय."

सरांनी रुमाल खिशात घातला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर्गात जो मास्तर अर्धवट तपासणी करत नाही तो इथे कसा करेल? ते वाकून आईच्या कानाशी गेले. "आई, बाबा भाईर बसल्यात. आत बलवू?"

"व्हय," आई म्हणाल्या. लगेच, गोड आवाजात. सरांचे बाबा जाऊन किती वर्षं झाली, हे त्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मग उंबऱ्यापाशी उभे असलेले अण्णा खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. "बास कर, बाळू! बास!" सरांचं घरचं नाव बाळू. "म्याडम, तिला कळत न्हाय. मी रोज इचारतोय, आई, भूक लागली? दुकतंय? माझ्या हातनं बरं हुतंय न्हवं? ती व्हय म्हणती आणि मी म्हंतो, ती माझ्याशी बोलती. मला नको त्यो कागद."

वहिनी आत्तींच्या पदराची चुणी नीट करत राहिल्या. सर रडले नाहीत. मी समोर होते ना. पण मीच रडले, त्याला काय करणार?

कागद रद्द झाला. कोर्टानं दोघा भावांना मिळून पालक नेमलं आणि घर विकायचं तर कोर्टाला विचारून, असं लिहून दिलं. पुढच्या मे महिन्यात सर निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन निपाणीला राहायला गेले. अण्णा-वहिनी पिरनवाडीला आले. आता उचलणं, धुणं, भरवणं सरांकडे, आणि अण्णा रविवारचे चिरंजीव.

मध्ये एका रविवारी मी मुद्दाम निपाणीला गेले. सर बारीक झाले होते, पण हात सराईत झाले होते. आईला टेकवून बसवताना उशी कुठे सरकवायची, घास केवढा करायचा, सगळं जमत होतं. आणि तोंड अखंड चालू. "आई, ह्या पाटील बाई. हिंडलग्याच्या. बसनं आल्या. भाईर ऊन लई हाय. आज आमटीत चिंच जरा जास्त पडली." नुसतं सांगत होते. आई गप्प. तासभर झाला, मी तो एक शब्द ऐकला नाही.

मी सरांना बाजूला घेऊन विचारलं, "बंद झाल्या का बोलायच्या?"

"न्हाय हो. मी इचारतच न्हाय काय. इचारलं तर म्हणंल. पण त्याला अर्थ न्हाय, हे मीच भर कोर्टात दाखवून बसलोय. कुठल्या तोंडानं इचारू?" असं म्हणून ते चहाचं बघायला आत गेले. केस जिंकून हा माणूस आईला काही विचारण्यापुरता मुका झाला होता, आणि हे त्यांच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तेवढ्यात अण्णा आले. चप्पल काढतात न काढतात तोच मोठ्यानं, "आई, आलो गं! जेवलीस?"

"व्हय."

"माझी वाट बघत हुतीस?"

"व्हय."

"मग! म्हाईत हाय मला," म्हणत अण्णा खाटेवर ऐसपैस बसले आणि आईचे पाय चेपायला लागले. सर चहाचा कप घेऊन आतल्या दारात उभे. केस हरलेल्या भावाच्या तोंडाकडे बघत होते. असला हेवा मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही.

अण्णांनी बघितलं. "इचार की, लेका," ते म्हणाले. "कोर्ट काय हितं बसलंय?"

"न्हाय रं. मला खरं म्हाईत हाय."

"मला बी म्हाईत हाय की. म्हणून काय आईशी बोलू नगो?"

सरांनी कप माझ्या हातात दिला. आईसमोर उकिडवे बसले. बराच वेळ काय विचारावं ते ठरवत राहिले. ओठ हलायचे आणि थांबायचे. आई त्यांच्याकडे बघत होत्या.

"आई," ते शेवटी म्हणाले, "मी बाळू. वळखलंस?"

"व्हय."

सरांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, माझ्यासमोरच. मग माझ्याकडे वळून, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराच्या बापासारखे म्हणाले, "बघा बाई. वळखलं तिनं मला."

मी मान डोलवली.